अ‍ॅथलेटिक क्लब, बिल्बाओ: चषक आणि विक्रमांची मराठी सारणी (प्रकल्प नोंदी)

७ जून २०२५

कामाची आखणी. अ‍ॅथलेटिक क्लब या बिल्बाओच्या (स्पेन) फुटबॉल क्लबच्या पुरुष संघाचे सगळे चषक, गमावलेले अंतिम सामने आणि वैयक्तिक विक्रम एका मराठी सारणीत आणायचे. हद्द २०२४-२५ हंगामाच्या अखेरीपर्यंत. पाने तीन: ‘चषक’, ‘हुकलेले’, ‘विक्रम’. महिला संघासाठी चौथे पान, सर्वांत शेवटी.

रियल माद्रिद किंवा बार्सिलोना न घेता हा क्लब घेण्याचे कारण सरळ आहे. या एका क्लबच्या यादीत बहुतेक सगळ्या अडचणी एकत्र सापडतात: वादातला पहिला चषक, न खेळता मिळालेला चषक, एकाच वर्षी दोन विजेते, मधली तीसेक वर्षे बदललेले नाव. ही सारणी नीट बसली की बाकीच्या स्पॅनिश क्लबांसाठी फक्त ओळी बदलाव्या लागतील.

‘चषक’ पानाचे रकाने ११: अनुक्रमांक, स्पर्धेचे आजचे नाव, त्या वेळचे नाव, हंगाम, सामन्याची तारीख, मैदान, प्रतिस्पर्धी (त्या वेळच्या नावाने), गोल केले, गोल खाल्ले, निकाल कसा लागला, आणि शेवटचा ‘कोण मोजते’. हा शेवटचा रकाना कुठल्याही ओळीत रिकामा सोडायचा नाही. एकूण आकडा हाताने लिहायला तिन्ही पानांवर मनाई. बेरीज फक्त सूत्राने.

९ जून

सोप्या भागापासून सुरुवात. ला लीगाच्या (स्पेनची अव्वल साखळी स्पर्धा) आठ ओळी भरल्या: १९२९-३०, १९३०-३१, १९३३-३४, १९३५-३६, १९४२-४३, १९५५-५६, १९८२-८३, १९८३-८४. या आठांवर कोणाचाच वाद नाही, त्यामुळे ‘कोण मोजते’मध्ये ‘सर्व’.

गुणांचा ताळा करताना एक चूक लगेच दिसली. तयार साच्यात विजयाला तीन गुण धरलेले होते. स्पेनमध्ये तीन गुणांची पद्धत १९९५-९६ पासून आली. त्याआधी विजयाला दोनच. १९२९-३० मध्ये १८ सामने, १२ विजय, ६ बरोबरी, पराभव शून्य. १२ दुणे २४ अधिक ६ म्हणजे ३०. साचा ४२ दाखवत होता. आठही विजेतेपदे १९९५ च्या आधीची असल्याने गुणक थेट २ करून टाकला. (हाच साचा दुसऱ्या क्लबला लावताना गुणक हंगाम बघून ठरेल असे सूत्र लागेल.)

‘निकाल कसा लागला’ या रकान्यात लीगसाठीही काहीतरी लिहावे लागते, कारण ‘गुणांवर’ हे सगळीकडे खरे नाही. १९३०-३१ मध्ये अ‍ॅथलेटिक, रासिंग सान्तान्देर आणि रियल सोसिएदाद तिघांचेही २२ गुण होते. १९८३-८४ मध्ये अ‍ॅथलेटिक आणि रियल माद्रिद दोघेही ४९ वर, बार्सिलोना ४८ वर. तिथे आपसांतील सामन्यांवरून निर्णय झाला. त्याच्या आदल्या वर्षी मात्र निव्वळ गुणांवर, ५० विरुद्ध ४९: शेवटच्या दिवशी अ‍ॅथलेटिकने लास पाल्मासला त्यांच्याच मैदानावर ५-१ हरवले आणि माद्रिद वॅलेन्सियात १-० ने हरले. गोलफरक हा निकष आज इतका अंगवळणी पडला आहे की जुन्या बरोबरीच्या ओळीत भरणारा माणूस न बघता ‘गोलफरक’ टाकतो. तसे दिसले तर पुसा.

१० जून

स्प्रेडशीटने आकड्यांच्या तारखा केल्या. ‘२-१’ चिकटवले की २ जानेवारी, ‘१२-१’ चे १२ जानेवारी. गोलांसाठी दोन वेगळे रकाने आधीच ठेवले होते म्हणून तिथे वाचलो, पण हंगामाचा रकाना फसला. इंग्रजी अंकांत ‘२००८-०९’ म्हणजे त्याला सप्टेंबर २००८ वाटतो आणि ‘२०११-१२’ म्हणजे डिसेंबर २०११. ‘२०१४-१५’ ला काही होत नाही, कारण पंधरावा महिना नसतो. म्हणूनच चूक चटकन दिसत नाही: शेकडा नव्वद ओळी ठीक, आणि नेमक्या शून्य एक ते बारावर संपणाऱ्या हंगामांच्या बिघडतात. २००८-०९ आणि २०११-१२ हे दोन्ही हंगाम अ‍ॅथलेटिकच्या गमावलेल्या कोपा (स्पेनची बाद पद्धतीची चषक स्पर्धा) अंतिम सामन्यांचे आहेत, म्हणजे ‘हुकलेले’ पानावर सरळ मार.

उपाय: चिकटवण्याआधी आख्खा रकाना ‘साधा मजकूर’ करून घ्यायचा. नंतर करून उपयोग नाही. ‘२००८-०९’ च्या जागी ३९६९२ आणि ‘२०११-१२’ च्या जागी ४०८७८ असे अनुक्रमांक उरतात. रकान्यात पाच आकडी संख्या दिसली की समजायचे, तारीख होऊन परत आली आहे.

दुसरे: देवनागरी अंकांत थेट भरलेली संख्या आमच्या शीटने मजकूर म्हणूनच धरली, बेरीज शून्य. भरताना इंग्रजी अंक, आणि छपाईच्या पानावर दहा अंकांसाठी दहा वेळा गुंफलेले सब्स्टिट्यूट (एका अक्षराजागी दुसरे घालणारे) सूत्र. दिसायला ओंगळ आहे, पण चालते.

१२ जून

१९०२ ची ओळ. हिच्यावर आख्खा दिवस गेला आणि तो जायलाच हवा होता.

राजा तेरावा अल्फोन्सो याच्या राज्यारोहणानिमित्त मे १९०२ मध्ये माद्रिदच्या हिपोद्रोमोवर पाच संघांची स्पर्धा झाली: बिस्काया, बार्सिलोना, एस्पान्योल, माद्रिद आणि न्यू फुटबॉल. (१३ मे ला बार्सिलोनाने माद्रिदला ३-१ हरवले, ती त्या दोघांची पहिलीच गाठ.) १५ मे च्या अंतिम सामन्यात बिस्कायाने बार्सिलोनावर २-१ असा विजय मिळवला. बिस्काया हा स्वतंत्र क्लब नव्हता. अ‍ॅथलेटिक क्लब आणि बिल्बाओ एफसी या दोन क्लबांतून निवडलेला तो जोडसंघ होता. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, बिल्बाओ एफसी अ‍ॅथलेटिकमध्ये विलीन झाला. चषक आज अ‍ॅथलेटिकच्या संग्रहालयात आहे आणि क्लब तो आपला मानतो. स्पॅनिश महासंघ मानत नाही. त्याच्या लेखी कोपा १९०३ पासून सुरू होतो.

इथेच २४ आणि २५ ची मेख आहे. महासंघाच्या मोजणीने कोपा २४, क्लबच्या मोजणीने २५. दोन्ही आकडे छापील मजकुरात भेटतात, आणि २०२४ च्या आधीच्या मजकुरात हेच दोन आकडे २३ आणि २४ असतात. म्हणजे नुसता ‘२४’ दिसला तर तो २०२४ नंतरचा महासंघाचा आकडा की त्याआधीचा क्लबचा, हे मजकुराची तारीख बघितल्याशिवाय कळत नाही. अशा आकड्याचा आधार घेऊन कुठलीही ओळ भरायची नाही.

‘तेव्हा महासंघच नव्हता, म्हणून १९०२ बाद’ हे कारण टिपेत लिहू नये. १९०३ लाही महासंघ नव्हता, तरी ते वर्ष धरले जाते. जोडसंघ हे कारण जास्त पटणारे. सारणीत निवाडा द्यायचा नाही, ओळ ठेवायची: संघाच्या नावात ‘बिस्काया’, ‘कोण मोजते’मध्ये ‘क्लब’. बाकी सर्व कोपांसमोर ‘महासंघ, क्लब’. दोन काउंटइफ (अटीनुसार ओळी मोजणारी) सूत्रे, दोन बेरजा, शेजारी शेजारी.

१४ जून

न खेळता मिळालेले चषक. असे दोन आहेत आणि दोन्हींत गोलांच्या रकान्यात काय लिहायचे हा प्रश्न.

१९०४: माद्रिदमधल्या दोन संघांचा सामना ५-५ असा सुटला, पुढे काय करायचे यावर त्यांचे जमले नाही, आणि गतविजेता अ‍ॅथलेटिक समोर कोणीच न आल्याने पुढे चाल मिळून विजेता ठरला. १९८४ चा सुपरकोपा: लीगविजेता विरुद्ध कोपाविजेता अशी ती लढत, आणि त्या वर्षी दोन्ही अ‍ॅथलेटिकच, स्वतःशी कोण खेळणार? चषक थेट बहाल.

पहिल्या मसुद्यात दोन्हींपुढे ०-० होते. ते चूक. शून्य भरले की ‘गोल न खाता जिंकलेले अंतिम सामने’ ही गाळणी या दोन ओळी उचलते आणि सामन्यांची संख्या दोनने फुगते. गोलांचे रकाने रिकामे, निकालात ‘पुढे चाल’ आणि ‘थेट बहाल’. रिकामी जागा आणि शून्य यांतला फरक सूत्राला कळतो, माणसाला विसरायला होतो.

१९१०: त्या वर्षी दोन वेगळ्या संघटनांनी दोन स्पर्धा घेतल्या. सान सेबास्तियानची अ‍ॅथलेटिकने जिंकली, माद्रिदची बार्सिलोनाने. महासंघ दोन्ही धरतो. परिणाम असा की ‘वर्ष’ ही एकमेव किल्ली (ओळ ओळखण्याची खूण) म्हणून वापरता येत नाही. पुढे बार्सिलोनाची सारणी जोडली की १९१० दोनदा येते आणि जोडणी एक ओळ गिळते. १९१३ लाही दोन विजेते होते, जरी त्यात अ‍ॅथलेटिक नाही. किल्ली ‘वर्ष + आयोजक’ अशी केली.

१७ जून

नावे. फ्रँकोच्या राजवटीत परभाषेतली नावे बंद झाली आणि १९४१ ते १९७२ हा क्लब ‘अ‍ॅट्लेटिको दे बिल्बाओ’ होता. त्या काळातली वृत्तपत्रे ‘अ‍ॅथलेटिक’ शब्दाने शोधली तर हाती काही लागत नाही. उलट बाजूने, आजचा अ‍ॅट्लेटिको माद्रिद १९०३ मध्ये बिल्बाओच्या क्लबची माद्रिदमधली शाखा म्हणून जन्मला आणि सुरुवातीला त्याचेच नाव ‘अ‍ॅथलेटिक’ होते. १९२१ चा अंतिम सामना (४-१, बिल्बाओतल्या सान मामेस मैदानावर) म्हणजे अ‍ॅथलेटिक विरुद्ध अ‍ॅथलेटिक, आणि १९५६ चा (२-१) म्हणजे अ‍ॅट्लेटिको विरुद्ध अ‍ॅट्लेटिको. स्वयंचलित शोधा-आणि-बदला या दोन ओळींवर कदापि चालवू नये. एकदा चालवले आणि १९५६ मध्ये बिल्बाओने स्वतःलाच हरवले.

स्पर्धेचीही तीच गत. राजाचा चषक, प्रजासत्ताकाच्या काळात राष्ट्राध्यक्षांचा चषक, १९३९ ते १९७६ जनरलिस्मोचा चषक, मग पुन्हा राजाचा. म्हणून नावाचे दोन रकाने.

१९५० चा एवा दुआर्ते चषक (अ‍ॅट्लेटिको माद्रिदविरुद्ध) वेगळी ओळ. लीगविजेता विरुद्ध कोपाविजेता हे स्वरूप सुपरकोपासारखेच, पण सुपरकोपाच्या बेरजेत तो मिसळायचा नाही. सुपरकोपा तीनच: १९८४, २०१५, २०२१.

१८ जून

कोपाच्या ओळी पूर्ण. वर्षे: १९०३, ०४, १०, ११, १४, १५, १६, २१, २३, ३०, ३१, ३२, ३३, ४३, ४४, ४५, ५०, ५५, ५६, ५८, ६९, ७३, ८४ आणि २०२४. मोजले, २४. अधिक १९०२.

सलग विजेतेपदे वेगळ्या रंगात: १९१४-१६ तीन, १९३०-३३ चार, १९४३-४५ तीन. ही खूण शोभेची नाही. सलग तीन किंवा एकूण पाच वेळा जिंकणाऱ्या क्लबला मूळ चषक कायमचा मिळायचा, अशी प्रथा होती. त्यामुळे संग्रहालयातले छायाचित्र कोणत्या ओळीला लावायचे हे ठरवताना सलगतेचा उपयोग होतो.

दुहेरी मुकुटाची बेरीज हाताने न करता लीगचा हंगाम आणि कोपाचे वर्ष जुळवून काढली: १९३०, १९३१, १९४३, १९५६, १९८४. पाच. सूत्राने पहिल्यांदा शून्य दिले होते, कारण एका बाजूला ‘१९२९-३०’ आणि दुसरीकडे ‘१९३०’. हंगामाच्या शेवटच्या वर्षाचा छुपा रकाना जोडला.

टिपांचा रकाना आटोपशीर ठेवा. १९५० पुढे ‘जादा वेळ, वायादोलिदविरुद्ध ४-१, चारही गोल झारा’ (क्लबचा तेव्हाचा गोलवीर). १९५८ पुढे ‘बर्नाबेउ मैदानावर रियल माद्रिदविरुद्ध २-०’. त्या संघाला ‘अकरा खेडूत’ म्हणतात तेवढे जोडले. १९८४ पुढे ‘गोल एन्दिका, बार्सिलोनाविरुद्ध १-०, सामन्यानंतर मैदानात हाणामारी, माराडोनाचा बार्सिलोनासाठी शेवटचा सामना’. २०२४ पुढे ‘मायोर्काविरुद्ध १-१, पेनल्टींवर ४-२’. शूटआउटचे गोल मुख्य रकान्यात आले तर या सामन्यातल्या सान्सेतच्या एका गोलाचे पाच होतात.

२१ जून

२०२० आणि २०२१ चा गुंता. महामारीमुळे २०१९-२० चा कोपा अंतिम सामना लांबला आणि ३ एप्रिल २०२१ ला झाला (रियल सोसिएदाद १-० विजयी). २०२०-२१ चा अंतिम सामना त्यानंतर चौदाच दिवसांनी, १७ एप्रिलला (बार्सिलोना ४-० विजयी). त्याआधी १७ जानेवारीला सुपरकोपा, बार्सिलोनावर जादा वेळेत ३-२. याच सामन्यात मेस्सीला बार्सिलोनाच्या मुख्य संघाकडून पहिले लाल कार्ड.

तारखेने लावले तर एका वर्षात तीन अंतिम सामने, हंगामाने लावले तर एक आणि दोन. दोन्ही बरोबर. क्रमवारी नेहमी ‘हंगाम’ रकान्यावर, ‘वर्षातले अंतिम सामने’ ही मोजणी ‘तारीख’ रकान्यावर. तिन्ही सामने सेव्हियाच्या ला कार्तुहा मैदानावर, आणि २०२४ चाही तिथेच: दोन जिंकले, दोन हरले. मैदानाच्या रकान्यात ‘सेव्हिया’ एवढेच लिहिले तर सेव्हिया क्लबच्या घरच्या मैदानाशी गल्लत होते.

२३ जून

‘हुकलेले’ पान. युरोपात दोन अंतिम फेऱ्या. २०१२ ची एका ओळीत संपते: बुखारेस्ट, अ‍ॅट्लेटिको माद्रिद, ०-३. १९७७ ची नाही. युएफा चषकाची अंतिम फेरी तेव्हा दोन सामन्यांची होती: तुरिनमध्ये युव्हेंटस १-०, बिल्बाओत अ‍ॅथलेटिक २-१. एकूण २-२, परक्या मैदानावरच्या गोलामुळे युव्हेंटस विजेता. यासाठी दोन ओळी, एकच फेरी-क्रमांक. एका ओळीत ‘२-२’ घातले की वाचणारा पेनल्टी शोधत बसतो.

त्याच वर्षीचा कोपाही गेला, आणि तिथे खरोखरच पेनल्टी होत्या: बेतिसविरुद्ध २-२, मग ७-८. गोलरक्षक इरिबारची पेनल्टी अडली. युव्हेंटसचे २-२ आणि बेतिसचे २-२ एकमेकांच्या ओळीत गेले होते, दुरुस्त.

२६ जून

‘विक्रम’ पान. इथे आकडा नव्हे, त्याची व्याख्या चुकते. प्रत्येक विक्रमासमोर ‘स्पर्धा’ आणि ‘कधीपर्यंत’ हे दोन रकाने सक्तीचे.

सारणीत २५१ दोनदा येतो आणि तपासनीस दरवेळी एक ओळ नक्कल समजून काढतो. काढू नका. झारा: ला लीगात २५१ गोल, २७७ सामन्यांत. इन्याकी विल्यम्स: ला लीगात सलग २५१ सामने, एप्रिल २०१६ ते जानेवारी २०२३. एकात गोल, दुसऱ्यात सामने, योगायोग आहे. झाराचा विक्रम २२ नोव्हेंबर २०१४ ला मेस्सीने सेव्हियाविरुद्ध तीन गोल करून मोडला. त्यामुळे ‘कधीपर्यंत’ भरलेले. कोपातले त्याचे ८१ गोल मात्र अजून सर्वाधिक, तिथे ‘कायम’. दोन्हींची बेरीज करून ‘कारकिर्दीतले गोल’ असा रकाना करायचा नाही. तो आकडा कुठल्या स्पर्धा धरल्या यावर हलतो.

१२-१ सुद्धा दोनदा. ८ फेब्रुवारी १९३१, लीग, बार्सिलोनाविरुद्ध, बाताचे सात गोल. आणि १९४७, कोपा, सेल्ताविरुद्ध, गाइन्साचे आठ. पहिला ला लीगातला सर्वांत मोठ्या फरकाचा विजय. बाताचे सात पुढे कुबालाने १९५२ मध्ये गाठले, म्हणून ‘संयुक्त’.

पिचिची: एक माणूस, एक पुरस्कार. राफाएल मोरेनो अरान्सादी, टोपणनाव पिचिची, सान मामेसवरचा पहिला गोल त्याचा (२१ ऑगस्ट १९१३). तो १९२२ मध्ये गेला, लीग सुरू होण्याच्या सात वर्षे आधी. त्यामुळे ‘पिचिचीचे ला लीगातील गोल’ ही ओळ असूच शकत नाही, होती, काढली. लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्याला त्याच्या नावाचा पुरस्कार मार्का हे वृत्तपत्र १९५२-५३ पासून देते. झाराच्या नावावर सहा पिचिची सांगतात, त्यांतला प्रत्यक्ष पुरस्काराच्या काळातला एकच, १९५२-५३ चा. आधीचे पाच मागाहून धरलेले. १९५०-५१ चे ३८ गोल त्या पाचांपैकीच. पुढे झाराच्या नावानेही पुरस्कार निघाला, तो फक्त स्पॅनिश खेळाडूंसाठी, आणि अ‍ॅथलेटिकच्याच अदुरिसने तो मिळवला. माणसाच्या ओळीला ‘खेळाडू’, पुरस्काराला ‘पुरस्कार’ असा प्रकार-रकाना लावला.

बाकी ओळी चटकन झाल्या. इरिबार, ६१४ सामने, १९६२-८०, क्लबचा विक्रम. गाइन्सा, सात कोपा. अदुरिस, ३ नोव्हेंबर २०१६, गेंकविरुद्ध ५-३ मधले पाचही गोल. कधीही खालच्या श्रेणीत न गेलेले क्लब तीन: अ‍ॅथलेटिक, रियल माद्रिद, बार्सिलोना. त्यांचे हंगाम ९४. ताळा: १९२८-२९ ते २०२४-२५ असे ९७, वजा यादवी युद्धाने बुडालेले ३. पहिली लीग प्रत्यक्षात १९२९ मध्येच सुरू होऊन संपली, आणि दुसरी त्याच वर्षी सुरू झाली. सुरुवातीच्या वर्षावर क्रम लावला की दोन ओळी अडखळतात.

२८ जून

लेखन. बास्क ‘टीएक्स’ म्हणजे च: चेचू रोहो, गोइकोएचेआ. झाराचे नाव बास्क वळणाने सारा, कास्तिल्यन वळणाने थारा. ‘सारा’ मराठीत शेतसारा होतो, तेव्हा वाचकाच्या ओळखीचे ‘झारा’ कायम. बाता हा बाताच. ‘बाटा’ लिहिले की सात गोल चपलेच्या दुकानात जमा होतात. शोधण्यासाठी पर्यायी लेखनांचा एक छुपा रकाना ठेवला.

३० जून

महिला संघ. लीग पाच: २००२-०३, २००३-०४, २००४-०५, २००६-०७, २०१५-१६. पाचांतल्या पहिल्या चारांच्या तारखा झाल्या, १० जूनचाच रोग. रकाना आधी मजकूर करायचा राहून गेला होता. विक्रमात ३० जानेवारी २०१९ ची ओळ: सान मामेसवर अ‍ॅट्लेटिको माद्रिदविरुद्ध ४८,१२१ प्रेक्षक. ‘कधीपर्यंत’: मार्च २०१९.

३ जुलै

छायाचित्रांच्या ओळी. गबार्रा, म्हणजे विजयानंतर नदीच्या खाडीतून संघाला नेणारा तराफा, १९८३, १९८४ आणि २०२४ ला निघाला. २०२४ च्या सामन्याची तारीख ६ एप्रिल, गबार्राची ११ एप्रिल. छायाचित्राची तारीख सामन्याच्या रकान्यात शिरली होती. वेगळा रकाना केला. १९८३ ची मिरवणूक फक्त लीगसाठी, कोपाच्या ओळीला जोडू नये.

५ जुलै

शेवटचा ताळा. लीग ८, कोपा २४ (महासंघ) / २५ (क्लब), सुपरकोपा ३, एवा दुआर्ते १. एकूण ३६ / ३७. रिकामे गोल-रकाने: लीगच्या आठ ओळी सोडून १९०४ आणि १९८४ सुपरकोपा, दोनच अपेक्षित, तीन निघाले. तिसरा १९१०, तिथे आमचाच एक आकडा उडाला होता. भरला, हंगाम आणि ‘कोण मोजते’ हे दोन रकाने कुलूपबंद केले, प्रत ‘०७-२०२५’ नावाने गोठवली. नावातला तो आडवा डॅश काढून अधोरेखा घातली.